वहिनीच्या हातातली तेलाची कुपी

रविवारी सकाळी आमच्या घरात देवांच्या आधी मशीनची आंघोळ व्हायची. आई हे चिडून म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. आबा उठायचे, बशीतून चहा प्यायचे, ओटीवर जाऊन मशीनवरचं गोणपाट काढायचे आणि पाटावर बसल्यासारखे तिच्यासमोर बसायचे. कुंभिवलीत हायवेला लागूनच आमचं घर, आणि घराच्या ओटीवरच आबांचं दुकान. ट्रकच्या ताडपत्र्या, टेंपोचे हूड, ड्रायव्हरच्या सीटची कव्हरं असला जाडजूड माल ते शिवायचे. कोणी शिंपी म्हटलं की त्यांना राग यायचा. "ब्लाउजं शिवतो तो शिंपी. मी ताडपत्रीवाला," असं ते सांगायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

मशीन माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीची होती. बंद पडलेल्या कुठल्याशा तंबूच्या कारखान्यातून आबांनी ती टेंपोत घालून आणली होती. काळी, बैठी, रुंद खांद्यांची. तिच्यावरचं परदेशी नाव हात लागून लागून पुसून गेलं होतं, नुसती एक सोनेरी वेलबुट्टी उरली होती. शेजारच्या काकूंची घरगुती मशीन आमच्या मशीनपुढे म्हणजे म्हशीशेजारी शेळी. काकूंची मशीन खटखट करायची, आमची धडधडायची. खालची मोठी मोटर सुरू झाली की ओटीच्या फळीवरचे डबे हलायचे. शाळेतून येताना रस्त्यावर ट्रकांचा एवढा गोंगाट असे, तरी मी लांबूनच ओळखायची की आबा ताडपत्रीची कड दुमडून शिवताहेत की नुसती सरळ शिलाई मारताहेत.

तर रविवारी तिची आंघोळ. आधी मोटरचं बटण बंद, पट्टा उतरवायचा, मग मशीनचं डोकं मागे कलतं करायचं. खाली आठवडाभराची सुताची लव साठून नमद्यासारखी घट्ट झालेली असे. ती दाढीच्या जुन्या ब्रशने काढायची, रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने सगळं पुसायचं, कोरडं करायचं, आणि मग तेल. तेलाला सतरा भोकं होती. वरच्या दांड्याची, सुईच्या दांडीची, कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांची, आणि अगदी शेवटी शटलचं. आबांच्या हातात पत्र्याची लांब चोचीची कुपी असायची. तिच्या बुडाला अंगठ्याने टक केलं की एक थेंब. "दोन थेंब. तिसरा नाय," असं ते दर रविवारी म्हणायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. मग चाक हाताने सावकाश फिरवायचं, म्हणजे तेल आत मुरतं, आणि शेवटी एका चिंधीवर टाके मारत राहायचं. चिंधीवर तेलाचे डाग पडायचे थांबले की मशीन तयार. गिऱ्हाइकाच्या मालावर पहिला टाका कधी नाही.

माझं काम चिंध्या पुरवायचं. पाचवीपासून ते कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत मी चिंध्याच पुरवल्या. सतरा भोकं मला झोपेत विचारली असती तरी सांगितली असती. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी मशीनचं चित्र काढून सतरा ठिकाणी लाल टिंबं दिली होती. आबा मागे वाकून ब्रश चालवत असायचे तेव्हा मी पाठीमागून म्हणायची, "आबा, आज मी घालू तेल?" ते उत्तर द्यायचे नाहीत. ब्रश तसाच चालू. मी आणखी एकदा विचारायची, आणि मग विचारायची नाही. आईला सांगितलं तर ती म्हणायची, "तू उद्या परक्या घरी जायाची. तुला शिकवून मशीन काय तुझ्या पाठीवर बांधून धाडायची?" दादाचं तर लोखंडाशी कधी जमलंच नाही. तो खोपोलीच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा आणि घरी आला की झोपायचा. म्हणजे आबांच्या नंतर त्या कुपीला हात लावणारं घरात कोणी नव्हतं, आणि तरी ती मला मिळत नव्हती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की कधी ना कधी आबा थकतील आणि मग कुपी माझ्याकडे येईल. मी वाट बघायला तयार होते.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी पोशीरची, नाव यमुना. तिच्या वडिलांची भाताची गिरणी होती. हडकुळी, सावळी, चालायला चपळ आणि बोलायला कंजूष. लग्नाला आठ-दहा दिवस झाले असतील. आबा एका ट्रकची ताडपत्री शिवत होते, वहिनी ओटीच्या कोपऱ्यात वाल सोलत बसली होती, आणि मी उंबऱ्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन. वहिनी मध्येच थांबली. मान तिरकी करून ऐकत राहिली. मग उठून ती आबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि हाताने थांबा अशी खूण करून म्हणाली, "मामा, जरा थांबवा. आत कायतरी कोरडं चाललंय."

आबांनी पाय काढला. वहिनीने मशीनच्या मागच्या अंगाला, चाकाच्या अलीकडे, बोट ठेवलं. आबांनी तिथलं झाकण उघडलं. आत तेल धरून ठेवणारी कापसाची वात असते, ती सरकून बाजूला पडली होती आणि दांडा कोरडा ठणठणीत घासत होता. आणखी दोन दिवस चालली असती तर दांडा गेला असता. आबांनी मान वर करून वहिनीकडे बघितलं.

"तुला कसं कळलं गं?"

"गिरणीत वाढले ना मामा. पट्टा ढिला झाला की आमी घरात बसून सांगायचो."

पुढच्या रविवारी आबांनी मशीनवरचं गोणपाट काढलं आणि हाक मारली, "यमुने." ती पदराला हात पुसत आली. आबांनी कुपी तिच्या हातात दिली. मी चिंध्या घेऊन उभी होते. वहिनीने पहिल्या भोकात दोन थेंब टाकले आणि माझ्यापुढे हात केला. चिंधी मागितली. मी दिली.

मत्सराबद्दल लोक बोलतात ते आग लागल्यासारखं काहीतरी. माझं तसं नव्हतं. दाताच्या फटीत सुकटीचा काटा अडकावा आणि जिभेने दिवसभर तिथेच जात राहावं, तसं होतं. मी वहिनीच्या भाकऱ्या मोजू लागले, किती फुगल्या, किती नाही. तिच्या बोलण्यातले पोशीरकडचे शब्द मैत्रिणींना करून दाखवू लागले. तिची बोटं लांब होती, नखांच्या कडांना कायम काळं तेल. त्या बोटांचा मला इतका राग यायचा की जेवताना मी तिच्या ताटाकडे बघायची नाही. आबा पूर्वी माझ्याशीही फार बोलत नसत, पण आता ते तिच्याशी बोलत. आवाज चढवून नव्हे, पण वळून, तिच्या तोंडाकडे बघून. माझं बोलणं त्यांनी असं कधी समोर वळून ऐकलं नव्हतं. मी हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. वहिनी जवळ जाऊन हलकेच टेबलावर बोट वाजवायची आणि आबा लगेच मान वर करायचे.

त्या थंडीत आम्ही मागच्या परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. ऊन उतरता उतरता मडकं उघडलं तेव्हा तो वास सगळ्या वाडीत गेला. आबांनी चांगल्या फुगलेल्या शेंगा निवडून केळीच्या पानावर काढल्या आणि पान माझ्या हातात दिलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. "यमुनेला नेऊन दे. आत भाकऱ्या करतेय ती," आबा म्हणाले. मी नेऊन दिलं. आजही कुठे पोपटी असली की मी शेंगा स्वतःच्या हाताने काढून घेते, कोणी वाढलेल्या घेत नाही. साठी उलटून गेलेल्या बाईने असं वागावं हे मला शोभत नाही, पण लिहायलाच बसले आहे तर लपवू कशाला.

त्याच थंडीत जत्रेसाठी खोपोलीला एक छोटी सर्कस उतरली होती. एक उंट, दोन कुत्री आणि दहा-पंधरा माणसं, एवढाच पसारा. घाटातून वारा सुटला आणि त्यांचा तंबू वरून खालपर्यंत फाटला. त्यांचे म्हातारे मॅनेजर कानटोपी घालून टेंपोतून तो सगळा तंबू घेऊन आमच्या दारात आले. जत्रा संपायला पाच दिवस होते आणि तंबूशिवाय खेळ नाही. "मास्टर, दोन दिन में हो जाएगा ना? नाहीतर आमची पोरं उपाशी बसतील," ते म्हणाले. आबांनी कापड चिमटीत धरून बघितलं. एवढं मोठं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. "उद्या सकाळी सुरू करतो," ते म्हणाले, आणि वहिनीला खुणेने सांगितलं की संध्याकाळीच तेल घालून ठेव.

मी जे केलं ते दुपारी, सगळे तंबू अंगणात पसरत असताना केलं. कुपीतलं अर्धं तेल मोरीत ओतलं आणि तेवढंच वहिनीच्या उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं खोबरेल तेल तिच्यात भरलं. वहिनीला त्या आठवड्यात सर्दी होती, तिला वास येणार नाही हे मी बघून ठेवलं होतं. मला मशीन मोडायची नव्हती. मशीन जड चालेल, टाके सुटतील, आबा वैतागतील, आणि कुपी तिच्या हातातून काढून घेतील, एवढंच मी मनात आणलं होतं. संध्याकाळी वहिनीने नेहमीसारखं सतराही भोकांत तेल घातलं. मी चिंध्या दिल्या.

थंडीत खोबरेल थिजतं. बाटली उन्हात ठेवल्याशिवाय आम्हाला डोक्याला लावता यायचं नाही. हे मला माहीत होतं, पण ते मशीनच्या पोटातही थिजेल हे डोक्यातच आलं नाही. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली.

सकाळी अंगणात सर्कशीतली चार माणसं तंबू धरून उभी होती, मॅनेजर आमच्या बाजेवर चहा पीत होते. आई होती, मी होते, शिफ्टवरून आलेला दादा होता. आबांनी तंबूची कड दुमडून सुईखाली घेतली, मोटर लावली आणि पायाने दाब दिला. मशीन हललीच नाही. मोटर फिरत होती, पट्टा चाकावर घसरत होता, आणि त्यातून असा काही कर्कश आवाज निघाला की मॅनेजरांनी कप खाली ठेवून कानांवर हात घेतले. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वळवली. आबा मात्र कापडाकडे बघत पाय दाबूनच बसले होते. त्यांनी पाय आणखी जोरात दाबला. पट्ट्यातून धूर यायला लागला. आई ओरडली, दादा ओरडला, "आबा, पाय काढा." आबा शांतपणे कापड सरळ करत होते.

वहिनी आतून धावत आली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. मोटर थांबली. जळक्या रबराचा वास त्यांच्या नाकात गेला तेव्हा कुठे आबांनी वर बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. दादाचं तोंड अजून उघडं होतं. आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की आम्हाला कळलंय. त्यांचा चेहरा कान धरून उभ्या केलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी हळूच खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली.

वहिनीने मशीनचं डोकं मागे कलतं केलं. एका भोकात सुई घालून तिने बाहेर काढली तर टोकाला पांढरा, मेणासारखा गोळा. तिने तो बोटांवर चोळला, आबांपुढे धरला. आबांनी हुंगला.

"खोबरेल," आबा म्हणाले. "तू घातलंस?"

"नाय," वहिनी त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "पण कुपी माझ्याकडं हाय, तवा मीच बघायला पायजे व्हतं. आदी मशीन चालू करू मामा. कोणी घातलं ते मागनं बघू." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शैलाताई, रॉकेल आणा. आन् शेगडी पेटवून आणा."

शेगडी मशीनखाली लांब धरून आम्ही तिला शेक देत बसलो. खोबरेल पाझरायला लागलं. प्रत्येक भोकात रॉकेल, मग चाक हाताने मागेपुढे, मग चिंधी, पुन्हा रॉकेल. रॉकेल घालायच्या वेळी शेगडी दूर नेऊन ठेवायची. वहिनी नाक ओढत काम करत होती. आई आत गेली तशी वहिनी खाली मान घालूनच म्हणाली, "माझ्यावर राग हाय तर मला बोलायचं. मशीननं तुमचं काय केलं व्हतं?"

मी शेगडी दूर नेऊन ठेवली. परत येऊन मी विचारलं, "आबांना ऐकू येत नाही हे तुला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी. तुमाला ठावं नव्हतं?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "उजव्या कानानं कायच नाय. डाव्यानं थोडं, समोर उभं राहिलं तर. मशीनचा आवाज त्यांना हाताला कळतो, कानाला नाय. म्हनून तर मला बोलावलं. त्यांना ऐकणारं माणूस पायजे व्हतं."

मी सात वर्षं त्या मशीनच्या मागे उभी राहून बोलले होते. पाठीमागून, हळू आवाजात. आबांपर्यंत माझे किती प्रश्न पोचले आणि किती नाही, हे मला आजही माहीत नाही. ऐकूनही गप्प राहिले असतील, तसेही ते होते. पण त्या सकाळी मला एवढंच कळलं की घरात नवीन आलेली बाई जे चार दिवसांत ओळखते ते मी ओळखलं नाही, कारण माझं लक्ष आबांकडे नव्हतंच. ते कुपीकडे होतं.

आबा अंगणात तंबूच्या ढिगाजवळ उकिडवे बसले होते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आबा, खोबरेल मी घातलं."

"काय?"

"खोबरेल मी घातलं."

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला, भुवया आक्रसल्या आणि मान हलवली. नाही ऐकू आलं. बाजेवरून मॅनेजर बघत होते. सर्कशीतली माणसं बिड्या ओढत दोन हातांवर बसली होती. दारात आई उभी होती. मला वाटलं, उठून जावं. मग मी त्यांच्या समोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "मशीनमध्ये खोबरेल मी घातलं. वहिनीने नाही. मी."

आबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "का?"

तेही मला ओरडूनच सांगावं लागलं. "मला तेल घालायचं होतं. तुम्ही मला कधी दिलंच नाही."

त्यांनी हात उचलला. मला वाटलं मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तो हात जमिनीला टेकवला आणि त्याच्या आधाराने उठले. "तू मागितलंस कधी?" ते म्हणाले. एवढंच. आणि मशीनकडे गेले.

दुपारी मशीन फिरली. वहिनीने चिंधीवर टाके मारून मारून रॉकेल बाहेर काढलं, दादाने खोपोलीहून चांगलं तेल आणि नवा पट्टा आणला, आणि आबा बसले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. त्या दोन दिवसांत वहिनी त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. काही कोरडं वाजलं की ती त्यांच्या खांद्याला बोट लावायची आणि ते थांबायचे. तंबूचं कापड मी, आई आणि सर्कशीतली माणसं मिळून सुईकडे सरकवत होतो. माझ्या तळव्यांची सालटी निघाली. माझ्याशी कोणी वाईट बोललं नाही. माझ्याशी कोणी फारसं बोललंच नाही.

नंतर कधीतरी आबांनी मला कुपी देऊ केली. एका रविवारी नुसतीच पुढे केली. मी घेतली नाही. नम्रपणा म्हणून नव्हे. मला ती वहिनीच्या आधी हवी होती, नंतर नव्हे. दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी नेरळला गेले. वहिनीने ती मशीन पुढे पुष्कळ वर्षं चालवली, आबा गेल्यावरही. नवा मोठा रस्ता झाला, ट्रकांच्या ताडपत्र्या तयार मिळायला लागल्या, तरी तिच्याकडे माल येत राहिला. मी माहेरी गेले की ती माझ्याशी चांगलीच वागायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या वेळी तंबू घेऊन जाताना मॅनेजरांनी आम्हाला तीनच्या खेळाचे पास दिले होते. आम्ही सगळे गेलो. आत तंबूची आमची शिलाई वरपासून खालपर्यंत दिसत होती, जाड, पांढरी, सरळ. पहिल्या रांगेत आबा मध्ये बसले, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी. विदूषक काहीतरी बोलला आणि सगळा तंबू हसला. आबांनी वहिनीकडे कान नेला. तिने त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन त्यांना तो विनोद सांगितला आणि आबा हसले, सगळ्यांच्या नंतर, एकटेच, मोठ्याने. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. पुढच्या विनोदालाही ते तिच्याकडेच वळले. मी समोर उंटाकडे बघत राहिले.